आसूच्या हाकेला ओ

“आसू, स्वल्प हळू गं, केस ओढतेस!” भागीरथीबाई लाडाने कुरकुरल्या, आणि “बरं गं आई” म्हणत संध्याने फणीवरचा हात सैल केला... तेवढ्यात तिचा नवरा अजित दाराशी येऊन म्हणाला, “आज आवळीभोजनाला आसावरी येतेय. मीच बोलावलंय.”

संध्याचा हात जागच्या जागी थबकला. आसावरी! भागीरथीबाईंची पोटची लेक, अजितची धाकटी बहीण, आणि त्याही आधीची संध्याची कॉलेजातली जिवलग मैत्रीण. तिनेच तर हट्टाने संध्याला वहिनी करून या घरात आणलं होतं. याच शहरात, के. आर. पुरम भागात राहणारी ही बाई गेली तीन वर्षं या उंबऱ्याला शिवली नव्हती, कारण संध्यानेच तिला येऊ दिलं नव्हतं!

कसं येऊ द्यायचं? तीन वर्षांपूर्वी भागीरथीबाईंची स्मृती ढासळली, आणि एका सकाळी सुनेलाच लेक समजून त्यांनी ‘आसू’ अशी हाक मारली. संध्याने ओ दिली, ती कायमचीच. आसावरीचा फोटो पुढे धरला तर म्हणाल्या, “ही कोण बाई?” हे आसावरीच्या कानी पडलं तर ती कोसळेल, म्हणून संध्याने अजितला शपथ घातली आणि मैत्रिणीला कधी डॉक्टरांची मनाई सांगितली, कधी आईची झोप. शेवटी आसावरी फोनवर कडाडली, “माझ्या आईला भेटायला मला तुझी परवानगी लागते?” आणि दोघींचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच.

पण हे सगळं मैत्रिणीसाठीच होतं का? संध्याला आताशा काही उमजेनासंच झालं होतं. लहानपणीच आईला पारखी झालेली ती. सून म्हणून या घरात तिने वीस वर्षं बोलणी खाल्ली होती, आणि आसू झाल्याबरोबर तिच्या तोंडावरून मायेचा हात फिरू लागला होता! मैत्रिणीची जागा आपण राखली, की बळकावली? विचार करकरून तिचं डोकं भणभणून जाई.

“अहो, मला विचारायचं तरी...” तिने फणी खाली ठेवली.

“शपथ मोडलेली नाही मी, तिला काहीच सांगितलेलं नाही,” अजित खाली मान घालून म्हणाला, “पण किती दिवस लपवणार, संध्या? तिचीही आईच आहे ना ती?”

आनेकलजवळच्या मळ्यात समाजाची मंडळी जमली होती. आवळ्याच्या खोडाला बायका सूत गुंडाळत होत्या, सतरंज्यांवर चित्रान्नाची, फोडणीच्या लिंबूभाताची, पातेली उघडत होती. आसावरी रिक्षातून उतरली, संध्याकडे ढुंकूनही न पाहता तरातरा चालत आली आणि आईपुढे बसकण मारून म्हणाली, “आई! बघ, मी आलेय!”

भागीरथीबाईंनी तिला निरखून पाहिलं आणि संध्याचा पदर ओढून हळूच विचारलं, “आसू, ह्या कोण गं?”

आसावरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती कधी आईकडे बघे, कधी संध्याकडे. “तुला... तुला आसू म्हणते ती? कधीपासून?”

“तीन वर्षं झाली... तुला सोसलं नसतं म्हणून मी...” संध्याला हुंदका आवरेना. “नाही, खोटं कशाला बोलू! मलाही ती हाक सोडवेना गं. तुझी आई चोरली मी, आसावरी!”

आसावरीने ओठ घट्ट मिटले, ते रागाने की रडू आवरायला, हे संध्याला कळेना. मग आसावरीने डोळे पुसले आणि वाकून आईच्या पायांना हात लावला.

“मी संध्या, आई. तुमची सून.”

भागीरथीबाईंचा चेहरा एकदम उजळला.

“संध्या? अगोबाई! कुठं गं होतीस इतके दिवस? घरात दिसत नाहीस, आसूला विचारीन म्हणते आणि विसरते... मीठ जास्त झालं, पोळी जाड झाली, किती टोचून बोलले तुला! तुझ्यासारखी सून मिळाली, हे मात्र कधी तोंडातून निघालं नाही. रुसून गेलीस ना? चुकलं गं माझं, पोरी!”

आपण रोज समोर असताना ही माउली आपलीच वाट बघत होती! हे बोलणं संध्यासाठी होतं, आणि ते घ्यायला संध्या म्हणून ती तिथे नव्हती. आईचे हात हातात धरून आसावरीने मैत्रिणीकडे पाहिलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

संध्या पुढे सरकली. “ती रुसलेली नाही गं आई,” ती कशीबशी म्हणाली, “कधीच रुसली नव्हती.”

“खरंच?”

हे आईने विचारलं की आसावरीने, ते रडण्याच्या भरात तिला कळलंच नाही. तिने दोघींकडे बघून मान हलवली.