उस्तादची पिशवी

"बाई, तेवढी सही करून टाका. उद्या त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचंय," फौजदार फोनवर म्हणाले. "मेकॅनिकनं स्वस्तात सुधारणा करतो म्हणून गाडीचा विचका केला आणि एक तरणाताठा माणूस गेला. सरळ प्रकरण आहे."

"सरळ असेल तर दहा मिनिटांत होईल. आले," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बाई म्हणजे वाहन तपासणी कार्यालयातल्या निरीक्षक. बावीस वर्षं त्यांनी मोडलेल्या गाड्या उघडून पाहिल्या होत्या. कचेरीत थट्टा चालायची की बाई लग्नाला गेल्या तरी नवरदेवाच्या आधी त्याच्या गाडीचे टायर बघतात. पण न बघता सही केली असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि म्हणूनच फौजदार त्यांच्यावर खार खाऊन असत.

चौकीच्या मागच्या आवारात गाडी आडवी पडली होती. एका सिलिंडरची, लांब आणि बुटकी क्रूझर. सरळ रस्त्यावर राणी, वळणावर म्हैस, अशी या गाड्यांची ख्याती. सहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी घाट उतरताना पाचव्या वळणावर ती पडली आणि चालवणारा जागच्या जागी गेला. वय एकोणतीस. घरातला धाकटा.

बाई उकिडव्या बसल्या. पुढच्या स्प्रिंगा नव्या, जाड. मागचे शॉक बदललेले. टायर चांगल्या पकडीचे. पुढच्या ब्रेकची रबरी नळी काढून तिथे पोलादी जाळीची नळी घातलेली. महागडं काहीच नाही, पण प्रत्येक काम नेटकं. कमी पैशात ही गाडी वळणावर शहाणी कशी करायची, हे ज्याला कळतं त्याचा हात इथे फिरला होता.

"ब्रेक लागलेच नाहीत, असं लिहिलंय तुम्ही," बाई म्हणाल्या.

"नाहीतर पडला कसा?"

बाईंनी पुढचं चाक फिरवून पाहिलं. फिरेना. ब्रेकची तबकडी तापून निळी पडली होती. त्यांनी ब्रेकखालचा हवा काढायचा छोटा नट अर्धा फेरा सैल केला. चुळकाभर द्रव जोरात बाहेर उडाला आणि चाक मोकळं झालं.

"लागला नाही असं नाही, फौजदार. लागला तो सुटलाच नाही."

हँडलवरच्या ब्रेकच्या टाकीचं झाकण त्यांनी काढलं. झाकणाखालचं रबर इतकं फुगलं होतं की ते पुन्हा जागेवर बसेना. आत दोन थर होते. खाली फिकट पिवळा ब्रेकचा द्रव आणि वर तरंगणारं लालभडक तेल.

"हे तेल पुढच्या शॉकमध्ये घालतात. ब्रेकमध्ये गेलं तर आतली रबरं फुगतात आणि द्रवाची परतीची वाट बुजते. ब्रेक तापत जातो, आणखी आवळत जातो. उतारावर, ऐन वळणात, पुढचं चाक जाम झालं."

फौजदारांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्यानंच! शॉकचं तेल त्यानं बदललं, ब्रेकची नळीही त्यानंच बदलली. बाटल्यांची गल्लत केली. आता तरी सही करा."

तर्क चोख होता. बाईंना तोच खटकला, कारण एवढं नेटकं काम करणारा हात बाटली चुकत नाही. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

त्यांनी पुढच्या शॉकचा तळाचा स्क्रू काढला आणि तेल पांढऱ्या वाटीत धरलं. ते जांभळं होतं. वाटी हातात धरून त्या कोठडीकडे चालू लागल्या.

मेकॅनिक भिंतीला टेकून बसला होता. सगळे त्याला उस्तादच म्हणत. पन्नाशीचा माणूस, नखांत काळं, ओठ फुटलेला. तो कोणी फोडला हे बाईंनी विचारलं नाही. विचारूनही फौजदारांनी सांगितलं नसतं.

"शॉकमध्ये कुठलं तेल घातलंस?"

"दोन घातली, बाई. लाल पातळ असतं, निळं दाट. नुसतं लाल घातलं की गाडी डुलते, नुसतं निळं घातलं की हात दुखतात. मी निम्मं-निम्मं करतो. आधी भांड्यात ढवळायचं, मग भरायचं."

"उरलेलं काय केलंस?"

"परत दिलं. मी सगळं परत देतो." त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा वर आला. "जुनी स्प्रिंग, जुनी नळी, उरलेलं तेल, सगळं एका पिशवीत घालतो. माल गिऱ्हाइकाचा, बाई. बाटलीवर तेल जिथवर आहे तिथे रेघ मारतो, तारीख टाकतो आणि चिठ्ठी लिहितो. उद्या कोणी म्हणायला नको, उस्तादनं तेल ढापलं."

"गाडी कधी दिलीस?"

"सोमवारी संध्याकाळी. किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा चिठ्ठीत आहे."

"ब्रेकची टाकी कशानं भरलीस?"

"ब्रेकच्याच द्रवानं. नवा डबा फोडून, त्याच्यासमोर." मग तो हळूच म्हणाला, "बाई, कालपासून माझंच मला खरं वाटेनासं झालंय. माझा हात चुकला असेल का?"

बाईंना त्याची कीव आली. निर्दोष माणसाला सहा दिवस गुन्हेगार म्हटलं की तो स्वतःचीच उलटतपासणी घेऊ लागतो. "उद्यापर्यंत कशालाही हो म्हणू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

गेलेल्या माणसाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं तेव्हा आवाज आला नाही. आतल्या खोलीचं दार, कपाट, खिडकीची झडप, काहीच करकरत नव्हतं. फौजदार मागून धापा टाकत आले.

दार उघडणारी धाकट्याची बायको. रडून रडून डोळे कोरडे झालेले. आत खुर्चीवर थोरला भाऊ बसला होता, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. कारखान्यात तेलाच्या जोरावर चालणाऱ्या मोठ्या दाबयंत्रांवर तो बावीस वर्षं होता. आईबाप लवकर गेले आणि धाकट्याला त्यानंच वाढवलं, हे फौजदारांनी जिन्यातच सांगितलं होतं.

"ती गाडी माझी सवतच होती," बायको म्हणाली. "पगार झाला की तिला काहीतरी नवं. शुक्रवारी घाटात मित्रांबरोबर घड्याळ लावून पळवणार होते. आमचं त्यावरून वाजलं. मी मंगळवारी सकाळी माहेरी गेले ते शुक्रवारी... निरोप आल्यावरच परत आले."

"मधल्या दिवसांत बोलणं झालं?"

तिनं फोन पुढे केला. बुधवारचा निरोप होता: 'रागावू नकोस. दोन दिवसांत तीनशे किलोमीटर मारले. ब्रेक तर लोण्यासारखा. उस्ताद म्हणजे उस्ताद.'

बाईंनी तो दोनदा वाचला.

"घरात या दिवसांत आणखी कोण होतं?"

"मी," थोरला म्हणाला. "आणि तो. आम्ही दोघंच."

"गाडीतलं तुम्हाला कळतं?"

"काही नाही. आमचा जन्म दाबयंत्रांची रबरं बदलण्यात गेला."

"उस्तादनं एक पिशवी दिली होती."

पिशवी मोरीजवळच्या फळीवर होती. बाईंनी ती टेबलावर रिकामी केली. जुन्या स्प्रिंगा, रबरी नळी, चिठ्ठी, दोन बाटल्या. निळ्या बाटलीतलं तेल रेघेला टेकलेलं. लाल बाटलीतलंही रेघेला टेकलेलं, केसभरही इकडे तिकडे नाही.

"बघा," फौजदार कुजबुजले. "इथून थेंबही गेलेला नाही. म्हणजे ब्रेकमधलं तेल उस्तादच्याच दुकानातलं."

बाईंनी एक पांढरी बशी मागितली. लाल बाटलीतलं थोडं तेल बशीत ओतून त्या खिडकीशी गेल्या. उन्हात बशी हलवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी खिडकीच्या बिजागरीवर बोट फिरवलं आणि तेही उन्हात धरलं.

"बिजागऱ्यांना तेल कोण घालतं?" त्यांनी सहज विचारलं.

"भाऊजी घालतात," बायको म्हणाली. "कारखान्यातलं जुनं तेल आणतात. त्यांना करकर सहन होत नाही."

"बसा सगळे," बाई म्हणाल्या. "फौजदार, तुम्हीसुद्धा."

त्यांनी बशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"उस्तादनं लाल आणि निळं एकत्र ढवळून शॉकमध्ये भरलं. शॉकमधून निघालेलं तेल जांभळं आहे. ब्रेकमध्ये मात्र निखळ लाल होतं. म्हणजे ते त्याच्या भांड्यातलं नव्हे, थेट बाटलीतलं."

"मग त्यानं बाटलीतूनच ओतलं असेल," फौजदार म्हणाले.

"कधी? सोमवारी? हे तेल पडलं की ब्रेकची रबरं एका दिवसात फुगतात. बुधवारपर्यंत गाडी तीनशे किलोमीटर पळाली. चिठ्ठीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा ताडून पाहा. आणि ब्रेक लोण्यासारखा, हे चालवणाराच लिहून गेलाय. म्हणजे तेल पडलं ते त्यानंतर. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी, आणि तेव्हा बाटली या घरात होती."

थोरल्याचे हात गुडघ्यांवरच होते.

"आता ही बाटली. नुसती दोन बोटं कमी असती, तर मी कुणाकडेच बोट दाखवू शकले नसते. जिन्याखाली उभी असलेली गाडी, फळीवरची पिशवी, कोणीही येऊन ओतलं असेल म्हणाले असते. पण ज्यानं ओतलं त्यानं जेवढं गेलं तेवढं पुन्हा भरलं. अगदी रेघेपर्यंत. ज्याचा जन्म तेलाची पातळी राखण्यात गेला, त्याला कमी भरलेली बाटली बघवत नाही."

त्यांनी बशी किंचित तिरकी केली. लाल तेलात बारीक सोनेरी चूर चमकला.

"दुकानातल्या नव्या तेलात धातू नसतो. हा पितळेसारख्या बुशचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्यांचा चुरा आहे. मोठ्या दाबयंत्रातल्या बुश झिजतात आणि वापरलेल्या तेलात तो उतरतो. या खिडकीच्या बिजागरीवर हाच आहे. ब्रेकमध्ये तो नाही, कारण तिथे आधी निखळ लाल गेलं आणि भरणा मागाहून झाला. वहिनी घरात नव्हत्या. धाकट्यानं स्वतःचाच ब्रेक बिघडवून वर बाटली भरून ठेवली नसती." त्या थोरल्याकडे वळल्या. "आणि चुकीच्या तेलानं रबर फुगतं, फुगलं की यंत्र जाम होतं, हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं."

थोरला उठला नाही. ओरडलाही नाही.

"गाडी जिन्याखालून हलणारच नाही, असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. "गुरुवारी दुपारी तो झोपला होता तेव्हा घातलं. सकाळी चाक जाम होईल, शिव्या देईल आणि घरी बसेल. एवढंच. एक दिवस गेला की मित्र निघून जातील. पण सकाळी ब्रेक गार होता तोवर चाक फिरलं आणि गाडी निघाली. मी खिडकीतून बघत होतो. खाली धावलो, तोवर तो कोपऱ्यावरून वळला."

"फोन करता आला असता."

"केला. गाडी चालवताना तो उचलत नाही."

"आणि उस्ताद?" बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात आता दयामाया नव्हती. "सहा दिवस तो मार खातोय. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालाय त्याचा. पहिलं पाप तुमच्याकडून मायेपोटी झालं असेल. बाटली भरली ती कशापोटी?"

"ती शुक्रवारीच भरली. चौकीतून निरोप आला, आणि मी पहिल्यांदा काय केलं, तर बाटली भरली." त्यानं पहिल्यांदाच मान वर करून भावजयीकडे पाहिलं. "तुरुंगाची भीती नव्हती, बाई. हिला काय सांगू, याची होती."

बायको भिंतीला टेकून उभी होती. ती रडेल, अंगावर धावून जाईल, असं फौजदारांना वाटलं असावं, कारण ते अर्धवट उठले. पण ती हललीच नाही.

"मंगळवारी बॅग घेऊन निघाले तेव्हा याच दारात मी यांना म्हटलं होतं," ती म्हणाली. "भाऊजी, मी हरले. काहीही करा, पण शुक्रवारी त्यांना जाऊ देऊ नका."

फौजदारांनी जबाबाचे कागद काढले, पण लिहायचं काही त्यांना सुचेना. बाईंनी ते स्वतःकडे ओढले आणि थोरल्याचा जबाब शब्दाला शब्द उतरवून घेतला. त्यानं वाचून सही केली.

"माझंही लिहा," बायको म्हणाली. "काहीही करा, हे मी सांगितलं होतं."

"त्यानं तुम्ही गुन्हेगार होत नाही. कायद्याला त्याची गरज नाही."

"मला आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि थोरल्याच्या सहीखाली ते वाक्य लिहिलं. तिनं त्याखाली सही केली. मग ती आत गेली, भाऊजींचा एक सदरा आणि टॉवेल घडी करून पिशवीत घातला, आणि ती पिशवी त्यांच्या हातात न देता दाराशी जमिनीवर ठेवली.