कागदाच्या कडा

खिडकीच्या लाकडात कीड अजून जिवंत आहे की भोकं जुनीच आहेत, हे ओळखायला मला टोचा, भिंग आणि उजवा कान एवढं पुरतं. डावा कान सातव्या वर्षीच गेला. उजव्यावर मात्र गेली एकतीस वर्षं माझं घर चाललंय. टोच्याच्या मुठीनं चौकटीवर ठोकायचं, कान लावायचा आणि आत किती पोकळ झालंय ते सांगायचं. हल्ली यासाठी यंत्रं निघालीत. मी त्यांना हात लावत नाही, तेवढा माज मला आहे.

त्या घरी मला बाईंच्या भाच्यानं बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका, पहिल्या मजल्यावर एकट्याच राहायच्या.

"मागच्या खोलीतली खिडकी पार किडलीय," भाचा जिन्यातच म्हणाला. "राहण्यासारखं घर नाही, असं तुम्ही लिहून दिलंत की मावशीला आमच्याकडे न्यायला बरं."

लिहून काय द्यायचं तेही यानंच ठरवलं होतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाईंच्या दोन्ही कानांत कापूस होता. दोन वर्षांपासून ठार बहिऱ्या, असं भाचा म्हणाला. मग कापूस कशाला, असं विचारल्यावर त्यानं नुसते खांदे उडवले.

खिडकी उंच होती, दोन झडपांची. चौकटीचं खालचं लाकूड कोपऱ्यात पाणी मुरून कुजलेलं. टोचा लोण्यात शिरावा तसा आत गेला. त्यात नवल काही नव्हतं. भोकं मात्र उजव्या बाजूच्या उभ्या लाकडात होती, तीही एकाच जागी दाटीनं. तिथं बाईंची खुर्ची होती आणि खुर्चीत बसून डोकं टेकलं, की कान बरोबर त्या जागी येत होता. खाली भुसा पडलेला, फिकट, पिठासारखा मऊ, म्हणजे ताजा. वाळवी असा भुसा सांडत नाही, तेव्हा हे काम भुंगेऱ्याचं. पण भुंगेरा खुर्चीची उंची बघून भोकं पाडत नाही. माणूस पाडतो. मी भाच्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

अशा बनवाबनवीवर माझा एक जुना उपाय आहे. भोकांवर खळीनं पातळ कागद चिकटवायचा आणि तारीख घालायची. भुंगेरा लाकडातून बाहेर येताना कागद फोडतो, तेव्हा फाटलेल्या कडा बाहेर वळतात. कुणी बाहेरून सुई खुपसली, तर कडा आत वळतात. याच कागदानं आजवर दोन घरमालक आणि एक जावई पकडलाय.

कागद लावण्याआधी मी तीनदा ठोकलं आणि कान टेकवायला वाकलो. बाईंनी माझी बाही धरली.

"कान लावू नका," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आधी गोड वाटतं."

मावशी-भाचे मिळून मला खुळ्यात काढतायत, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी बाही सोडवली आणि कान लावला.

आतून तीनदा ठकठक झालं.

मी दोनदा ठोकलं. थोड्या वेळानं आतून दोनदा आलं. तपासाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ मी तिथं वाकून राहिलो. गोड वाटत होतं, हे कबूल करतो. भाच्यानं खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आलो. कानात बारीक खाज सुटली होती.

कागद चिकटवला, झडपांना आतून कडी घातली, खोलीला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

चौथ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं. कडीही घातलेलीच. कागदाला नऊ भोकं पडली होती आणि नऊच्या नऊ कडा आत वळलेल्या.

"सुई कुठून घातलीत?" मी भाच्यावर ओरडलो. "तुमचं नाव घालून अहवाल लिहीन!"

"मी गावातच नव्हतो हो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बाईंनी कागदाकडे बघितलंही नाही. त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मग त्यांनी डबीतून कापसाचा बोळा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उशी झटकायला आली.

"अहो, कामावरचा भुसा आता अंथरुणातसुद्धा?"

चिमूटभर होता. मी बोटांत चोळून पाहिला. फिकट, पिठासारखा मऊ. बायकोचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. मी घाबरलो. एकतीस वर्षं हे काम करतोय, पण घाबरलो पहिल्यांदाच, आणि तेही स्वतःच्या घरात.

मी पातळ कागदाचा तुकडा कापला, तारीख घातली आणि कानाच्या भोकावर चिकटवून दे म्हणून तिला सांगितलं.

"आता स्वतःचीच खिडकी तपासायला काढलीत का?" ती हसली, पण चिकटवला.

मी पलंगावर बसून राहिलो. डोळा लागू दिला नाही. ती समोर भाजी निवडत होती. दुपारी बोटानं चाचपलं, तर कागदाला भोक होतं.

"तूच टोचलंस ना?" मी म्हणालो. क्षणभर मला खरंच तिचा संशय आला.

तिनं नकारार्थी मान हलवली. मी तिच्या हातात भिंग दिलं.

"कडा कुठे वळल्यात ते सांग."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचे ओठ हलले.

मला काहीच ऐकू आलं नाही.

ती पुन्हा बोलली. मग रडवेल्या चेहऱ्यानं तिनं बोट उचललं आणि माझ्या कानाच्या दिशेनं आत वळवून दाखवलं.