करडीत भोंगा गप्प होतो

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर त्यात मी स्वतःला जरा बरा माणूस म्हणून दाखवलं असतं.

मागच्या दिवाळीच्या चार दिवस आधी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मोहाडी तालुक्यातल्या करडी गावातल्या एका गल्लीत हे घडलं. सोबत ऑटोवाला इश्वर होता. तो अजूनही त्या गल्लीत शिरत नाही. हवं तर त्याला विचारा.

मी विनोद. पूर्व विदर्भातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत गायक नट आहे. दिवाळीनंतर आमचा सीझन सुरू होतो. भंडारा शहरात दरवर्षी पाच दिवस, पाच वेगळे प्रयोग. एक संगीत नाटक, एक सामाजिक, एक ऐतिहासिक, एक दिवस दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य आणि शेवटी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा. त्याची जाहिरात ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरते. रेकॉर्डिंगमधला आवाज माझाच असतो.

त्या जाहिरातीचा शेवट वीस वर्षं एकच होता.

"...आणि संगीत नाटकात राजाच्या भूमिकेत, आपले लाडके... केशवराव!"

केशवराव करडीचे. माझे गुरुजी. त्यांच्या ओसरीवर बसून मी गाणं शिकलो. सूर चुकला की ते बोटातली तांब्याची अंगठी दाराच्या चौकटीवर वाजवायचे.

टक... टक.

मग एकच शब्द. "पुन्हा."

कधी ओरडले नाहीत. त्यांची बायको, रंभाबाई, मला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे.

आणि मी काय केलं?

तीन वर्षांपूर्वी सिहोऱ्याच्या प्रयोगात तिसऱ्या अंकात गुरुजींचा आवाज फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी गुपचूप कंपनीचे मालक मारोतराव यांच्याकडे गेलो. म्हटलं, "गुरुजीले आता झेपत नाही. राजा मी करतो."

मारोतरावांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग "बरं" म्हणाले. बस, तेवढंच.

मला आनंद झाला. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण झाला.

गुरुजींना सांगायला मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवाळी आली. नवीन रेकॉर्डिंग झालं. शेवटी त्यांच्या नावाच्या जागी माझं नाव.

ऑटो करडीला पोचला. गुरुजी दारात उभे होते. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. दरवर्षी ते जाहिरात ऐकायला असेच बाहेर यायचे.

माझं नाव यायला दोन वाक्यं उरली होती...

मी भोंग्याच्या मशीनचं बटण फिरवून आवाज बंद केला.

"बंद काहून केला गा?" इश्वरने विचारलं.

"बॅटरी उतरून राहिली," मी खोटं बोललो.

गुरुजींनी हात वर केला. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. गल्ली संपल्यावर भोंगा पुन्हा सुरू केला.

पंधरा दिवसांनी गुरुजी गेले. मी मयतीला गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. रंभाबाईंना भेटलो नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगतो.

पुन्हा तोच ऑटो, तीच गल्ली. म्हटलं, आता कोणापासून लपवायचं? भोंगा फुल आवाजात होता. अंगणात धान वाळत होतं, बायका तिथेच बोलत बसल्या होत्या. गुरुजींचं दार बंद होतं.

"...राजाच्या भूमिकेत, आपले लाडके..."

आणि भोंगा गप्प.

मी बटण पाहिलं. फुलवरच होतं. लाल दिवा जळत होता. पेन ड्राइव्ह चालू होता, मशीनवरचे सेकंद पुढे सरकत होते.

फक्त आवाज नव्हता.

गल्लीच्या टोकाला गेलो, तर आपोआप सुरू. इश्वरने सगळ्या वायरी तपासल्या. ऑटो वळवून परत आणला.

"...आपले लाडके..."

पुन्हा गप्प. त्याच दारासमोर, त्याच शब्दावर.

तिसऱ्या वेळी मी माइक हातात घेतला. स्वतः बोललो. बाकी सगळं भोंग्यातून खणखणीत गेलं. मग मी माझं नाव घेतलं. ओठ हलले, घशाला ताण पडला... पण माझा आवाज माझ्याच कानाला आला नाही. अंगणातल्या बायकांनी माना वळवल्या.

तेवढ्यात ऐकू आलं.

टक... टक.

दार उघडलं. रंभाबाई होत्या.

"आजही बंद केला का, विनोद?"

"नाही काकू. मी नाही केला. खरंच."

"त्या साली तर तूच केला होता. मी पाहून राहिली होती."

मी ऑटोतून खाली उतरलो.

"ते तुहं नाव आयकाले उभे होते गा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून धोतर नेसून बसले होते. मारोतरावले त्यायनंच फोन केला होता. आता राजा माह्या विनोदले द्या म्हणे. तू जायच्या आधीच."

मी ऑटोची दांडी धरली.

"शेवटपर्यंत मले विचारत होते. पोराचं नाव पुकारलं का भोंग्यात? मी काय सांगू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो.

"काकू... गुरुजींची अंगठी?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. तळहातावर तांब्याची अंगठी होती.

आणि त्यांच्या मागे, रिकाम्या चौकटीवर...

टक... टक.

रंभाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "रोज नाही होत. आज तुहा भोंगा आला, तवापासून होऊन राहिलं."

इश्वरने ऑटो सुरू केला. "बस लवकर!"

आतल्या अंधारात कुणीतरी घसा साफ केला. तो आवाज मी हजार वेळा ऐकला होता.

"पुन्हा."

मी उभं राहायला हवं होतं. माझं नाव मोठ्याने घ्यायला हवं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

मी ऑटोत बसलो. मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

यंदाचा सीझन ठरलाय. पाच दिवस, पाच प्रयोग. पोस्टर लागलेत. भोंगा भंडाऱ्यात वाजतोय, लाखनीत वाजतोय, कुठेच काही अडचण नाही. बुधवारी करडीची पाळी आहे. मारोतराव म्हणाले, करडी सोडून दे. मी नाही म्हटलं. इश्वर गल्लीच्या तोंडाशी थांबेल. मी भोंगा न घेता पायी जाणार, गुरुजींच्या दारात उभा राहणार आणि तोंडाने सांगणार.

आज दुपारी घरीच म्हणून पाहिलं. आधी पाचही प्रयोगांची नावं घेतली. मग राजाची भूमिका. मग माझं नाव, अगदी छाती भरून.

स्वयंपाकघरातून माझी बायको, रक्षा, म्हणाली, "पुढचं बोला ना. मधातच काहून थांबले?"

मी थांबलो नव्हतो.