कोपरांचे खळगे

दिवेलागणीनंतर पूर्वेच्या खिडकीशी कुणी पुस्तक मागितलं तर द्यायचं नाही. नाही असंही म्हणायचं नाही. गप्प बसायचं. आणि असं का, ते कधी विचारायचं नाही.

शिरूरच्या एका जुन्या वाचनालयात अंजना ग्रंथपाल म्हणून लागली, त्या पहिल्याच दिवशी तिला हा नियम सांगितला गेला. सांगितला तो तिथले शिपाई वजीरमामा यांनी. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, हेच वजीरमामा दौंडला बहिणीच्या ओट्यावर बसून तिची गोष्ट सांगत होते. वीज गेली होती. मध्ये कंदील, आणि कंदिलापलीकडे त्यांची भाची बानू आणि तिचा धाकटा भाऊ इक्बाल.

"खरी हाय का मामू?" इक्बालनं विचारलं.

"वळखत हुतो मी तिला. रोज चहा पाजलाय. आता खरी का खोटी, तू ठरीव."

"मामू, कंदील जरा बारीक करा की. डोळ्यावर येतोय."

"तू कर."

बानूनं हात लांब करून वात खाली घेतली. मामू दिव्याला हात लावत नसत. लावत नसत आणि विझवत तर मुळीच नसत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

अंजना इथलीच, दौंडच्या रेल्वे क्वार्टरातली. पुण्याला कॉलेज केलेली, आणि जिभेला धार अशी की समोरचा दोन पावलं मागंच उभा राहायचा. वडील नुकतेच रिटायर झालेले, पाठीवर शिकणारे दोन भाऊ. वाचनालयातली नेमणूक तीन महिन्यांच्या बोलीवर होती. कायम करायचा ठराव वीस मेच्या रविवारी कमिटीपुढं यायचा होता. तेवढे दिवस तिनं गप्प काढले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

नियम ऐकला तेव्हा ती हसली होती. "देणार म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. मामा, हे तर तुमच्या कमिटीचं रोजचंच आहे. त्याला भूत कशाला पाहिजे?"

"भूत म्या म्हणलोच न्हाई, बाई," वजीरमामा म्हणाले होते.

ते साल त्र्याहत्तरचं. दुष्काळ. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या. वस्तीतली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि पोरं दिवसभर उन्हात हिंडायची. अंजनानं सकाळी आठ ते अकरा उन्हाळी वाचनवर्ग सुरू केला. बौद्धवाड्यात स्वतः गेली, घरोघर सांगून आली. पहिल्या दिवशी नऊ पोरं, आठवड्यात बत्तीस. त्यात मुली जास्त.

अध्यक्ष मारुतराव दारात येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी चिटणीस आण्णा म्हणाले, "वर्ग घ्या हो, वर्गाला आमची ना नाही. पण कपाटांना हात लावू देऊ नका."

"मग पुस्तकांची काय लांबून आरती करायची का?" अंजना म्हणाली.

आण्णा हिशेबाची वही उघडून बसले. कमिटी कधीच काही बोलत नसे.

त्याच महिन्यात इमारतीची दुरुस्ती निघाली. सिमेंटचं परमिट मोठ्या मुश्किलीनं मिळालेलं. फरशी बदलायची, भिंतींना रंग द्यायचा, आणि पूर्वेची खिडकी बुजवायची. खिडकी कशाला, असं अंजनानं विचारलं. वारा तेवढा तिथूनच यायचा. मारुतराव म्हणाले, "उद्घाटनाला पाहुणे येतील. वाईट दिसतं."

काय वाईट दिसतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या खिडकीच्या तळाला काळा दगड होता आणि दगडात दोन खळगे. शेजारी शेजारी, वीतभर अंतरावर, गुळगुळीत. पोरं त्यांत चिंचोके टाकून खेळायची. खळगे कशाचे, हे अंजनाला ठाऊक नव्हतं आणि तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"एवढी शिकलेली, आन् विचारलं न्हाई?" बानू म्हणाली.

"दगडाला कोन काय इचारतं?" वजीरमामा म्हणाले.

गवंडी म्हस्कू त्याच बौद्धवाड्यातला. भिंत दोन फूट जाड. त्यानं बाहेरच्या अंगानं विटा लावून खिडकी बंद केली आणि आतल्या बाजूला घड्याळ ठेवायला कोनाडा सोडला. खळग्यांच्या दगडावर सिमेंट ओढून ते काचेसारखं घोटलं. हे झालं सतरा मे, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. वैशाखी पौर्णिमा होती.

"बाई, आज बुद्धजयंती, मी लवकर जातो," म्हस्कू म्हणाला. "कोनाड्यावर गोनपाट टाकलंय. राती एक तांब्या पानी तेवढं मारा त्याच्यावर. उन्हाळा लई हाय, भेगा जातील."

"मारते की. त्यात काय!"

वजीरमामा त्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला लग्नाला गेलेले. पाण्याचा टँकर रात्री नवाला आला. अंजनानं खोलीवरून तांब्या भरला आणि पदरानं झाकून, हिंदकळू न देता, वाचनालयाकडं निघाली. लख्ख चांदणं. बौद्धवाड्यातून भजनाचा आवाज येत होता. कुलूप उघडून तिनं बटण दाबलं तेव्हा घड्याळात सव्वानऊ झाले होते.

गोणपाट उचलून तिनं सिमेंटला नख लावून बघितलं. उमटलं नाही. पक्कं धरलं होतं. गोणपाट परत पसरून तिनं वर पाणी ओतलं. सकाळच्या वर्गासाठी पुस्तकं काढून ठेवावीत म्हणून ती टेबलाशी बसली. सतरा पुस्तकं काढली. नावं कागदावर लिहिली.

भजन थांबलं.

"जी..."

तिला वाटलं, दारात कुणी आहे. दारात कोणी नव्हतं.

"जी... तेवढं पुस्तक देता का?"

आवाज पुरुषाचा. दमलेला. अदबीचा. आवाज कोनाड्यातून येत होता.

तिथं खिडकी नव्हती. विटा होत्या. दुपारी तिच्यासमोर लावलेल्या.

"पाचच पानं ऱ्हायलीत."

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. मारुतरावांना, आण्णांना, एस.टी.च्या कंडक्टरला, सगळ्या जगाला तिच्यापाशी उत्तर होतं. आता जीभ हलेना. भीती वाटत होती का? तेही नीट कळत नव्हतं. आत सगळं थंड पडत चाललं होतं, चिखलात रुतलेल्या पायासारखं.

"सकाळी आणून देतो... जी."

ती गप्प.

"आत हायत ना तुमी? दिवा दिसतोय..."

तिचा हात उठला. तो आपण उचलला असं तिला वाटलंच नाही. हात भिंतीवर गेला. बटणावर गेला.

तिनं दिवा मालवला.

मग काही नाही. आवाज नाही. भजन नाही. फक्त कुणीतरी उभं असल्यासारखं... वाट बघत. या पायावरचा भार त्या पायावर. कापडाची सळसळ.

बराच वेळ.

मग तेही नाही.

सकाळी साडेसहाला वजीरमामा लग्नाचे लाडू घेऊन आले तेव्हा दार उघडंच होतं. अंजना बटणाखाली भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला. मामांनी हात धरून उठवलं तर म्हणाली, "कुठला हात धरलात? मला कळत नाहीये."

"काय झालं, बाई?"

"पुस्तक मागितलं," ती म्हणाली. "पाच पानं राहिलीत म्हणाला."

मामांच्या हातातली लाडवांची पुरचुंडी खाली पडली.

तेवढ्यात म्हस्कू आला. आला तो सरळ कोनाड्याशी गेला आणि गोणपाट उचललं. 

"बाई, ह्याच्यावर कोन टेकलं हुतं?"

घोटलेल्या सिमेंटमध्ये दोन खळगे होते. शेजारी शेजारी, वीतभर अंतरावर. आत बारीक सुरकुत्या उमटलेल्या, कोपराच्या कातडीला असतात तशा. म्हस्कूनं आतल्या बाजूनं आपली कोपरं लावून बघितली. बसेनात. खळगे उलटे होते.

"आतून न्हाई टेकला," तो हळूच म्हणाला. "भाईरून टेकलाय. पर भाईर तर माझ्या इटा हायत... त्याला भिंतीत हुबं ऱ्हावं लागंल, बाई."

मग वजीरमामांनी सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी आताच्या बौद्धवाड्यातल्या माणसांना वाचनालयात पाऊल ठेवू देत नसत. पेपर हवा तर त्या खिडकीतून. बाहेर उभ्यानं वाचायचा आणि परत द्यायचा. पुस्तकही तसंच, घरी न्यायचं नाही. म्हाळू नावाचा खडी फोडणारा माणूस होता. रात्रशाळेत अक्षरं शिकलेला. रोज दिवेलागणीला यायचा, दगडावर कोपरं टेकून चार-पाच पानं वाचायचा. दगडातले खळगे त्याचे एकट्याचे नव्हते, पण त्याचेही होते. अडतीस सालच्या मे महिन्यात दुरुस्तीसाठी वाचनालय महिनाभर बंद राहणार होतं. म्हाळूची पाच पानं राहिली होती. एका रात्रीपुरतं पुस्तक द्या, म्हणाला. दिवसभर उन्हात खडी फोडून आलेला, अंगात ताप. आत तिघं होते, मारुतराव आणि आण्णा त्यांतले दोघं. कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाही म्हणालं नाही. आणि तो जाईना, तेव्हा आतला दिवा विझवला. कुणी नाही असं त्याला वाटावं म्हणून. सकाळी तो खिडकीखालीच बसलेला सापडला. गेलेला.

"म्हणजे नियम भुतासाठी नाहीच," अंजना म्हणाली. "तेव्हा जे केलं तेच पुढं चालू ठेवलंय."

मामा खाली सांडलेले लाडू गोळा करू लागले.

तिनं त्या दिवशी वर्ग घेतला. शनिवारीही घेतला. पोरं वाचत होती, ती मान हलवत होती. रडू आलं नाही. जेवण गेलं, पण चव लागली नाही. उजव्या हातात खडू धरला तरी खडू आहे असं वाटेना. शनिवारी दुपारी तिनं जुनी कपाटं उपसली. तळाच्या फळीवर पुठ्ठा गेलेली एक कादंबरी होती. शेवटून पाच पानं सोडून, आत कडुनिंबाची वाळकी काडी.

रविवारची सभा संध्याकाळी सहाला. मारुतराव, आण्णा, आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन वजीरमामा.

"ते कोनाड्यातलं काय असेल ते उद्या म्हस्कूकडून बुजवून घ्या," मारुतराव म्हणाले. "सिमेंट कच्चं होतं, दुसरं काय! आणि हे बघा, अंजनाबाई, तुम्हाला कायम करायला आमची हरकत नाही. संस्थेचे सगळे नियम पाळीन, एवढं लिहून द्या."

आण्णांनी कागद पुढं सरकवला. वर पेन ठेवलं.

अंजनाला दौंडच्या क्वार्टरची आठवण झाली. महिनाअखेर ते सोडायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"लिहून देणार नाही. खळगेही बुजवू देणार नाही." तिनं पिशवीतून ती कादंबरी काढली आणि कोनाड्यात काडीपाशी उघडून ठेवली. "दिवेलागणीनंतर कुणी मागितलं तर मी देईन. नसेल द्यायचं तर तोंडानं नाही म्हणेन. पण गप्प बसणार नाही."

"बाई, नोकरीचा प्रश्न आहे..."

"ठाऊक आहे मला. गुरुवारी रात्री मीही गप्प बसले. हा दिवा मी मालवला, माझ्या या हातानं. मी सांगितलं, आता तुम्ही सांगा." तिनं तिघांकडंही बघितलं. "अडतीस साली, त्या रात्री दिवा कुणी विझवला?"

मारुतराव टेबलाकडं बघत राहिले. आण्णांनी पेनाचं टोपण उघडलं आणि परत लावलं. दाराशी ट्रेमधल्या कपबश्या बारीक आवाज करत होत्या...

इथं वजीरमामा थांबले.

"आन् नोकरी?" इक्बालनं विचारलं.

"गेली. चार दिसांनी पेटी घेऊन एस.टी.त बसली. पर म्हस्कूनं काय ते बुजवलं न्हाई. दुसरा गवंडी आनला, त्यानंबी न्हाई. खळगे हायत अजून."

"आन् पुस्तक?"

"काडी शेवटच्या पानात घावली."

समोरच्या लाइनीवरून मालगाडी गेली.  कंदिलाची काच काळवंडत चालली होती.

"मामू," बानू म्हणाली, "आत तिघं हुते ना? मारुतराव, आण्णा... आन् तिसरा?"

मामूंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"मामू, दिवा कुणी विझवला?"

वजीरमामा कंदिलाकडं बघत होते. बानू थांबली. इक्बालही थांबला. आतून आईनं हाक मारली, लई रात झाली, विझवा आता तो कंदील.

"मी नाही विझवणार," बानू म्हणाली.

मामूंचे हात मांडीखालीच होते.