पाहा, प्रकरण अकरा

बाहेर रखरखीत ऊन पडलं होतं आणि माझ्या केबिनच्या दारात एक माणूस चिंब भिजून उभा होता. केसांतून पाणी, बाह्यांतून पाणी, बुटांतून पचक-पचक आवाज. हातातलं आमचं मॅन्युअल मात्र कोरडं ठणठणीत.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्याने विचारलं.

"लिहिलेलं मी तपासते. आधी पायपुसण्यावर उभे राहा."

तो निमूटपणे पायपुसण्यावर सरकला आणि पान उघडून वाचू लागला. "'टाकीचं झाकण उघडण्यापूर्वी पाहा, प्रकरण बारा.' पाहिलं. प्रकरण बारा म्हणजे पत्र्याला पॉलिश कसं करावं. केलं पॉलिश. चकचकीत. मग झाकण उघडलं..."

मला हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला हो, पण नाहीच आवरलं.

"आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"होतं की. पण मी टेस्टिंगवाला. पुस्तकात लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही, याचाच पगार मिळतो मला."

"म्हणजे मुद्दाम भिजलात?"

"तुमच्या पुस्तकावर विश्वास ठेवून भिजलो," तो म्हणाला आणि इतकं गोड हसला की... जाऊ दे. मी त्याला माझा टॉवेल दिला. माझा म्हणजे, खरं तर आत्याचा.

आमची कंपनी बाटल्या भरायची यंत्रं बनवते. प्रत्येक यंत्राबरोबर विटेएवढं जाड मॅन्युअल जातं आणि त्यात जागोजागी 'पाहा, अमुक प्रकरण' असतं. मग कुणीतरी शहाणा मध्येच एक नवं प्रकरण घुसडतो. पुढचे सगळे आकडे सरकतात, पण हाताने टाइप केलेले 'पाहा' जिथल्या तिथे राहतात. झालं! व्हॉल्व्हच्या जागी पॉलिश. असे चुकलेले 'पाहा' हुडकून दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार?

या वेळी पॉलिशचं प्रकरण मी तपासून दिल्यावर घुसलं होतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "यंत्र शुक्रवारी निघणार. दोघं बसा आणि एकेक 'पाहा' तपासा." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तू यंत्राबरोबर गिऱ्हाइकाच्या कारखान्यात दोन वर्षं राहायला जातोस, की दुसऱ्याला पाठवू? तेही शुक्रवारपर्यंत सांग."

दोन वर्षं! ओळख होऊन तास झाला नव्हता, तरी मी बोटांवर महिने मोजले.

छापील प्रत एकच होती. 'पाहा' आला की तो त्या ओळीवर बोट ठेवून थांबायचा. मी पानं उलटत सांगितलेल्या प्रकरणापर्यंत जायची, खात्री करायची आणि परत त्याच्या बोटापाशी यायची. येताना माझा हात त्याच्या हाताला लागायचा. चुकून. पहिल्यांदा तरी चुकूनच.

"तुम्ही फार लांब जाता," तो एकदा म्हणाला. "बोट अवघडतं माझं."

"मग काढा."

"छे! तुम्ही परत कुठे याल मग?"

घरी आत्याचं वेगळंच चाललं होतं. "माझा चांगला टॉवेल कुठाय गं?"

"एका भिजलेल्या माणसाला दिलाय."

"अजून वाळला नाही का तो?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "आवडला असेल तर बोलून टाक बाई. भीड भिकेची बहीण!"

सांगणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी मी पानावरून नजर न उचलता विचारलं, "जाणार का तुम्ही?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"नोकरी तुमची. तुम्ही ठरवा."

"तुम्ही म्हणाल तसं करतो..."

"मी कोण म्हणणारी?"

त्याने पुढच्या 'पाहा'वर बोट ठेवलं. आणि मी! जिच्या तोंडाला साहेबसुद्धा दबकून असतात, ती मी मूग गिळून पानं उलटत राहिले.

शुक्रवारी दुपारी एकच 'पाहा' उरला, वाचताना मागे राहून गेलेला. प्रकरण सहा. त्याने बोट ठेवलं आणि वाचलं, "'यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पाहा, प्रकरण अकरा.'"

मी प्रकरण अकरावर गेले. तिथे लिहिलं होतं, 'यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यासाठी पाहा, प्रकरण सहा.'

"सहावर तर माझं बोट आहे," तो म्हणाला.

आकडे दोन्ही बरोबर होते, म्हणून तर ते आजवर माझ्या नजरेतून सुटले. सहा लिहिणाऱ्याला वाटलं अकरावाला सांगेल, अकरावाल्याला वाटलं सहावाला सांगेल.

तो खो-खो हसत सुटला. "दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे! आणि खरी गोष्ट कुणी लिहिलीच ना..."

तो थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. माझेही झाले असणार, कारण चांगलेच तापले होते.

"मग कुणीतरी एकाने सांगायला हवी," मी म्हटलं. "मी सांगते. मला तुम्ही आवडता. दारात निथळत उभे होतात तेव्हापासून. दोन वर्षं तिकडे राहिलात तर मला अजिबात चालणार नाही. संपलं."

बोट अजून प्रकरण सहावरच होतं.

"हे... पुन्हा एकदा सांगाल?"

"एकदाच सांगते मी."

"बरं." त्याने मोठा श्वास घेतला. "सांगितल्याशिवाय काही करायचं नाही, ही सवयच जडली हो. रोज ठरवून यायचो आणि तुम्ही म्हणालात, 'नोकरी तुमची.' घाबरलो. फार आवडता तुम्ही मला. इतक्या, की नाही म्हणाला असतात तर मी तिकडून परतच आलो नसतो."

"वेडे आहात!" मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. या वेळी मुळीच चुकून नाही.

मग आधी ते राहिलेलं लिहून काढलं. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले, आणि त्याने तसंच्या तसं करून यंत्र सुरू केलं. अंगावर थेंब उडाला नाही. साहेबांना त्याने सांगितलं, "यंत्र चालू करून देतो आणि परत येतो. राहायला दुसरा कुणी पाठवा." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "मॅन्युअल झालं ना पुरं?"

यंत्र चालू करून तो परतला तो बॅगेसकट थेट आमच्या दारात. हातात धुऊन घडी घातलेला टॉवेल. दार आत्याने उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई, हा तर कोरडा आहे! आणि असा पायपुसण्यावर का खिळलाय?"

"त्यांनी सांगितलं की येतो आत," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

आत्याने टॉवेल घेतला आणि तोंडाला लावून हसू दाबलं.

"ये," मी म्हटलं. आजवर 'या' म्हणत होते. "आत ये."