मुक्या खोलीतली टकटक

लाइट गेलीच आहे तर ऐक, अनुषा. भूतबीत मी मानत नाही, तुझ्या आत्याचं डोकं गणिताचं. पण ही गोष्ट सांगताना अजूनही मी दाराकडे पाठ करून बसत नाही.

साल अठ्ठ्याण्णव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जापूर रोडवरच्या आमच्या मिक्सरच्या कारखान्यात मी गेले ती फक्त एक आकडा घ्यायला. नवा मिक्सर बनण्याआधीच तो किती ओरडेल हे मी कॉम्प्युटरवर काढलं होतं. मोटरची बैठक बदल, तळ जाड कर, असं करत सहा महिने खपून आवाज पडद्यावरच बहात्तर डेसिबलवर आणला होता. आणि त्या सकाळी खरा मिक्सर मोजला, तर चौऱ्याऐंशी!

रत्नाकर साहेब म्हणाले, "कृष्णवेणी, दुपारपर्यंत आकडा जुळला नाही, तर तुझा कॉम्प्युटर विभाग बंद. मग तूही घरी."

 आमचे जुने मिस्त्री पिराजीअण्णा असते तर मिशीत हसले असते. पंचवीस वर्षं ते बोटाच्या पेरानं यंत्र ठोकून दोष सांगायचे. टक, टक. यंत्र पास झालं की एकच कानडी शब्द, "सरी." म्हणजे ठीक. मला तो कधी मिळाला नाही. उलट म्हणायचे, "अक्का, तुमच्या डब्याला कान कुठं हाईत?" मी कसली ऐकतेय! म्हटलं होतं, "अण्णा, कानांचे दिवस संपले." श्रावणात ते गेले, आणि ते वाक्य मला खात राहिलं.

पुन्हा मोजायला मी आत गेले. आवाज मोजायच्या त्या जागेला आम्ही मुकी खोली म्हणायचो. भिंतींना, छताला स्पंजचे सुळके, पायाखाली तारेची जाळी. तिथे हाक मारली तर ओठांतच विरते, आणि थोड्या वेळानं स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. मिक्सरभोवती आयुधपूजेचा झेंडूचा हार तसाच होता. देवाचं फूल कशाला काढा! मी बॅटरीवरचा टेप सुरू केला, जाड दार ओढून घेतलं, आणि करंट गेला.

मिट्ट काळोख. सुकत्या झेंडूचा उग्र वास.

टक... टक.

म्हटलं, माझ्याच छातीचे ठोके असतील. पण आवाज समोरून येत होता... खालून.

"कोण... कोण आहे?"

टक... टक.

दार कुठल्या बाजूला तेच कळेना. आई भवानी गं, म्हणत मी हात पुढे केला. मिक्सरचा पाय लागला. हाराखाली बोटांना काहीतरी मऊ, ओलसर लागलं. किंचाळलेच मी!

अगं, लिंबू! कुंकू भरलेलं अर्धं लिंबू. पूजेला यंत्राच्या पायाखाली ते दर वर्षी पिराजीअण्णा ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं काढायचे. यंदा ठेवलं मी, आणि काढायचं विसरले. एक पाय अधांतरी, मग यंत्र थडथडणार नाही तर काय? कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं चारही पाय टेकलेले धरले होते.

लिंबू उपसून काढलं. जरा वेळानं करंट आला. मिक्सर लावला. बहात्तर! त्या जाळीवर फतकल मारून मी हसले काय, रडले काय. सुटले गं बाई, सुटले! साहेबांनी आकडा दोनदा पाहिला आणि म्हणाले, "घरी जा, पण संध्याकाळी. रोजच्या वेळेला."

संध्याकाळी निवांत बसून टेप ऐकला. टकटक त्यावर कुठेच नाही. माझं "कोण आहे" आहे, माझी किंकाळी आहे. आणि लिंबू निघाल्यानंतर, माइकच्या अगदी जवळ, त्या काळोखात मला मुळीच ऐकू न आलेला एक शब्द आहे.

"सरी."