कमलिनीआजींचं पन्हं

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी झाशीतल्या दतिया गेटच्या बाजारातून कैऱ्या आणि एक लहान माठ घेऊन आलो. आमच्या घरी त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा माठ भरतात आणि शेजारी पन्हं ठेवतात. यंदाचा माठ कमलिनीआजींचा होता. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, गल्लीतल्या. फाल्गुनात गेल्या. मागे कोणी नाही, म्हणून त्यांचं पाणी आम्हीच द्यायचं ठरवलं.

सहा वर्षं एडिंबरात शिकून मी झाशीला परतलो तो एका ध्यासाने. इथल्या जुन्या मराठी घरांतली बोली विझत चालली आहे. माझ्या वयाची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. मीही तसाच वाढलो. कमलिनीआजींच्या तोंडी मात्र ती अख्खी होती. गाणी, भांडणं, पापडांच्या पिठाची मापं, कोणत्या सुनेला कोणी काय म्हणायचं ते. हे सगळं मी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केलं. बावीस तास. भेटेल त्याला मी जतनावर व्याख्यान देत असे. दुसरी प्रत मात्र काढली नव्हती.

"फोटो कुठाय त्यांचा?" अलकनंदाआत्याने विचारलं.

"एकही नाही. त्या काढूच देत नसत."

"मग आवाज आहे ना? त्याच्यासमोर ठेव. आणि लॅपटॉपचं झाकण उघडं राहू दे रे. बंद दारापुढे कोणी पान वाढतं का?"

मला ते फार पटलं. टेबलावर लॅपटॉप उघडला, आवाज लावला, आणि अगदी समोर पन्ह्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं. बाहेर उन्हाने गल्ली पांढरी पडली होती. खिडकीत कूलर घुमत होता. आजी सांगत होत्या, "सासूबाई म्हणायच्या, कमळे, माणूस गेलं तरी त्याचं..."

खिडकीच्या पडद्याचं टोक कूलरच्या वाऱ्याने उडालं, फुलपात्राला लागलं आणि ते आडवं झालं. सगळं पन्हं कीबोर्डच्या कळांवर सांडलं. स्क्रीन काळी झाली. त्याच क्षणी वीज गेली. कूलर थांबला आणि घरात एवढी शांतता पसरली की टेबलाच्या कडेवरून पडणारा एकेक थेंब ऐकू येऊ लागला. कैरी, गूळ, वेलची... वास दाटून आला.

जे करू नये तेच मी केलं. चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पाच वेळा, सहा वेळा. सातव्या वेळी बोटाला गारवा लागला. झाशीच्या वैशाखात, भरदुपारी, त्या बटणाखाली विहिरीच्या तळासारखी थंडी होती... आणि ती बोटातून मनगटापर्यंत चढत होती.

"हात काढ," आत्या दारातून हळूच म्हणाली. तिने काय पाहिलं होतं, ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

मी लॅपटॉप टॉवेलवर उपडा केला. आत्या म्हणाली, "तांदळाच्या डब्यात ठेवू या का? मोबाईलला चालतं म्हणे."

"आत्या, खिचडी नाही करायची आपल्याला!" मी ओरडलो, आणि मला रडू फुटलं. बावीस तास. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले.

ओरछा गेटजवळ जयसिंग भैयाचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने कळा हुंगल्या.

"पना है? गुड़ वाला? वाह भैया, मशीन को भी लू लग गई थी क्या?" मग गंभीर होऊन म्हणाला, "गिरने के बाद चालू तो नहीं किया?"

"किया. छह-सात बार."

"फिर बोर्ड गया समझो. गीले में करंट दौड़ाओगे तो क्या बचेगा?"

मागच्या स्क्रूवर कंपनीचं सील होतं. ते त्याने माझ्यासमोर फोडलं, झाकण काढलं आणि वाकून आत पाहिलं. बोर्डावर पन्ह्याचा ओघळ होता, पण जळल्याची खूण नव्हती. चालू करायच्या बटणापासून बोर्डाकडे जाणारी बारीक पट्टी तिच्या खाचेतून बाहेर आली होती. खाचेवरची नखाएवढी कडी नीट वर उचललेली होती.

"ये किसने निकाली?"

"पहले कभी खुला ही नहीं."

"सील तो मैंने ही तोड़ी..." त्याचा आवाज उतरला. "अपने आप ये कड़ी नहीं उठती, भैया. इसीलिए बटन ने काम नहीं किया. इसीलिए बच गया."

त्याने मऊ ब्रशने बोर्ड स्पिरिटने धुतला, नवा कीबोर्ड बसवला, पण पट्टीला हात लावण्याआधी हात जोडून कपाळाला टेकवले. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू झाला. "जिसने भी निकाली, उसका एहसान मानना," तो म्हणाला. "पर नमी लग चुकी है. साल भर चले तो बहुत."

मी उपकार मानले. मोठ्याने, हात जोडून, रिकाम्या खोलीत. इतकं कृतज्ञ मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग तीन प्रती काढल्या. तिन्हींत माझे प्रश्न आहेत, अंगणातल्या चिमण्या आहेत, पंख्याची घरघर आहे. आजी जिथे बोलतात तिथे फक्त पंखा आहे. मूळ लॅपटॉपवर त्या पहिल्यासारख्याच बोलतात. जयसिंगने प्रत ऐकली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विषय बदलला.

वर्षभरच आहे हातात, म्हणून मी रोज दुपारी आजींचं बोलणं ऐकून वहीत उतरवतो. सुरुवातीला प्रत्येक वाक्यानंतर आवाज थांबवावा लागे. आता लागत नाही. मी लिहीपर्यंत त्या थांबतात. वाक्य संपवून वहीवरून पेन उचललं की पुढे बोलतात. ही माया मी कुठे फेडू?

काल मी थकलो होतो. एक वाक्य गाळलं आणि पेन उचललं.

त्या पुढे बोलेनात.